भुवईवरचा केस आणि उडत्या तबकड्या

बसरा शहरातली एक जुनी गोष्ट इब्न खल्लिकान यांच्या प्रसिद्ध चरित्रकोशात येते. रमजानचा चाँद पाहण्यासाठी लोक जमले होते. त्यांत हजरत अनस बिन मालिक (रजि.) होते. वय शंभरीच्या घरात पोहोचलेले. त्यांनी आकाशाकडे बोट केले आणि चाँद दिसत असल्याचे सांगितले. बाकीच्यांनी डोळे ताणून पाहिले, पण कोणालाच काही दिसेना. मोठी अडचण उभी राहिली. सांगणारा माणूस साधासुधा नव्हता. ज्यांचे बालपण पैगंबरांच्या (स.) सेवेत गेले, त्यांच्या शब्दावर शंका कशी घ्यायची? आणि इतक्या जणांना न दिसलेला चाँद मानायचा तरी कसा?

पुढे बसऱ्याचे काझी म्हणून नावारूपाला आलेले इयास बिन मुआविया तेव्हा तिथे होते. त्यांनी आकाशाकडे पाहण्याऐवजी हजरत अनस यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. इयास यांनी अदबीने भुवई नीट केली, केस बाजूला सारला आणि चाँद कुठे आहे ते पुन्हा दाखवायला सांगितले. हजरत अनस यांनी पुन्हा पाहिले. आता चाँद दिसत नव्हता.

या गोष्टीत कोणी कोणाला खोटे ठरवले नाही. साक्षीदार प्रामाणिकच होता. त्याला काहीतरी दिसले हेही खरे होते. फक्त जे दिसले ते आकाशात नव्हते, डोळ्यापाशी होते. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या उडत्या तबकड्यांचा, त्यांच्या छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा इतिहास वाचताना मला ही गोष्ट वारंवार आठवली. त्या इतिहासात श्रद्धाळू पुष्कळ आहेत, टवाळखोरही पुष्कळ आहेत; केस बाजूला सारून पाहणारे मात्र थोडे आहेत.

आधी शब्द, मग छायाचित्र

24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा अमेरिकन वैमानिक आपले छोटे विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर या शिखराजवळून चालला होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. बशीची उपमा चालीसाठी होती, आकारासाठी नव्हती. अर्नोल्डने काढून दाखवलेली आकृती गोल बशीची नव्हतीच. पुढून गोलसर आणि मागे निमुळती, बुटाच्या टाचेसारखी होती. पण वर्तमानपत्रांनी 'फ्लाइंग सॉसर' असा मथळा दिला आणि तो शब्द जगभर गेला. मराठीतही 'उडती तबकडी' त्याच वाटेने आली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लोकांना आकाशात तबकड्याच दिसू लागल्या आणि छायाचित्रांतही तबकड्याच उमटू लागल्या. अर्नोल्डला दिसलेल्या वस्तू परग्रहावरून आल्या असतील असे घटकाभर धरले, तरी एक प्रश्न उरतोच. वार्ताहराच्या चुकीच्या आकाराबरहुकूम त्या परग्रहवासीयांनी आपली याने का बदलावीत? म्हणजे आपण आधी पाहतो आणि मग नाव देतो असे नेहमीच घडत नाही. पुष्कळदा नाव आधी कानांत पडते आणि डोळे त्या नावाचा आकार शोधू लागतात. भुवईवरचा हा पहिला केस.

मॅकमिनव्हिलचे शेतकरी

11 मे 1950. ऑरेगॉन राज्यातील मॅकमिनव्हिल गावाजवळ पॉल आणि एव्हलिन ट्रेंट हे शेतकरी दांपत्य राहत होते. संध्याकाळी सशांना चारा घालून परतताना एव्हलिनबाईंना आकाशात तबकडीसारखी वस्तू दिसली. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. पॉल यांनी साध्या कॅमेऱ्याने दोन छायाचित्रे घेतली. वृत्तपत्राकडे धाव घेणे तर दूरच, त्यांनी रोल संपेपर्यंत तो धुवायलाही दिला नाही. 8 जून रोजी स्थानिक वृत्तपत्राने ती छायाचित्रे छापली आणि त्याच महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकातून ती सगळीकडे पोहोचली. निगेटिव्ह मागायला वार्ताहर घरी गेला, तेव्हा ती सोफ्याखाली पडलेली सापडली, असे सांगतात.

या जोडप्याने पैसा केला नाही, व्याख्याने झोडली नाहीत आणि मरेपर्यंत आपला शब्दही बदलला नाही. श्रद्धाळूंना हाच मोठा पुरावा वाटतो. अमेरिकन हवाई दलाच्या पैशाने कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड काँडन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली गेली होती. तिचा एकूण निष्कर्ष, या विषयाच्या अभ्यासातून विज्ञानाच्या हाती फारसे काही लागणार नाही, असा होता. पण त्याच समितीतील विल्यम हार्टमन यांनी ट्रेंट यांची छायाचित्रे तपासली आणि, एक असाधारण वस्तू दोन साक्षीदारांसमोरून उडत गेली या कथनाशी आपण तपासलेल्या सर्व बाबी सुसंगत दिसतात, असे नोंदवले. वस्तूच्या खालच्या बाजूचा फिकटपणा मोजून त्यांनी ती दूरवर असावी असे अनुमान काढले होते.

नंतर रॉबर्ट शेफर या चिकित्सकाने त्याच छायाचित्रांतील एका वेगळ्याच जागेकडे बोट दाखवले. त्याने तबकडी बाजूला ठेवली आणि गॅरेजच्या भिंतीवरच्या, वळचणीखालच्या सावल्या पाहिल्या. त्या सावल्यांवरून सूर्य पूर्वेला असावा, म्हणजे वेळ सकाळची असावी, असे त्याचे म्हणणे होते. मग साक्षीदार संध्याकाळ का सांगतात? दुसऱ्या बाजूने ब्रूस मॅकाबी या भौतिकशास्त्रज्ञाने उत्तर दिले की उजळलेल्या ढगाच्या प्रकाशानेही अशा सावल्या पडू शकतात. 2013 मध्ये फ्रान्समधील चित्रविश्लेषकांनी, वरच्या तारेला दोऱ्याने टांगलेली ती छोटीशी वस्तू असावी, असा निष्कर्ष काढला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. मॅकमिनव्हिल गावात मात्र दरवर्षी तबकड्यांचा उत्सव भरतो.

या प्रकरणातून मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. साक्षीदाराचा साधेपणा हा त्याच्या बाजूचा मुद्दा आहे, पण तो पुरावा नव्हे. साधी माणसेही गंमत करतात आणि गंमत फार दूर गेली की परत फिरणे त्यांना अवघड होते. तशी गंमत ट्रेंट दांपत्याने केलीच होती, असे म्हणायला मात्र आपल्याजवळ त्यांचा कबुलीजबाब नाही. म्हणून मृत माणसांना लबाड ठरवण्याची घाईही बरी नव्हे. 'सिद्ध झाले नाही' हे तीन शब्द लिहून थांबता येणे, हीसुद्धा एक विद्या आहे.

थर्माकोलचा त्रिकोण

आता बेल्जियमची हकिकत पाहू. 29 नोव्हेंबर 1989 च्या संध्याकाळी ऑयपन शहराजवळ गस्तीवरच्या पोलिसांना दिव्यांचा एक मोठा त्रिकोण संथपणे सरकताना दिसला. त्यानंतर महिनोन्‌महिने देशभरातून तशाच बातम्या येत राहिल्या. सोबेप्स ही हौशी अभ्यासकांची संस्था साक्षी गोळा करीत होती आणि शेकडो माणसे आपले अनुभव सांगत होती. 30 मार्च 1990 च्या रात्री हवाई दलाने दोन एफ-16 विमाने पाठवली. रडारवर काही खुणा उमटल्या, पण वैमानिकांना डोळ्यांनी काहीच दिसले नाही. हवाई दलाने त्या खुणा लपवल्या नाहीत, जाहीर पत्रकार परिषदेत दाखवल्या. हा मोकळेपणा कौतुकास्पद होता.

इतके सारे घडूनही एक उणीव राहिली होती. इतक्या साक्षीदारांत एकाकडेही स्पष्ट छायाचित्र नव्हते. ती उणीव पेती-रेशें या गावातील एका तरुण कामगाराने भरून काढली. त्याच्या रंगीत पारदर्शिकेवर काळोखात चार दिवे होते. तीन कोपऱ्यांत तीन आणि मध्ये एक. उजेड वाढवून मोठी प्रत काढली, तेव्हा दिव्यांमागे काळ्या त्रिकोणाची आकृतीही दिसू लागली. हे छायाचित्र पुस्तकांत, मासिकांत, दूरदर्शनवर, सगळीकडे पोहोचले. ब्रुसेल्सच्या लष्करी अकादमीच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी झाली. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही ते पाहिले. फिल्मवर कात्री-चिकटपट्टीची करामत नाही, असे निष्पन्न झाले. दिव्यांच्या अस्पष्ट कडांवरून वस्तू फिरत असावी, असेही काहींनी दाखवून दिले. एका अभ्यासकाला तर दिव्यांभोवतीच्या प्रकाशात चुंबकीय क्षेत्रासारख्या रेषा दिसल्या. त्या यानाचे इंजिन कसे चालत असेल, याची चर्चा त्यावरून सुरू झाली.

जुलै 2011 मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, तो कामगार दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर आला आणि त्याने सांगून टाकले. ते यान थर्माकोलचे होते. सोबत्यांबरोबर त्याने एक त्रिकोणी तुकडा कापला, रंगवला, त्यावर दिवे बसवले आणि तो टांगून छायाचित्र घेतले. आपल्याकडे सजावटीसाठी लहान मुलेही थर्माकोल कापतात. त्यांच्या तोडीचेच हे काम होते.

तज्ज्ञ खोटे बोलले होते का? मुळीच नाही. फिल्मशी खेळ झालेला नाही, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कॅमेऱ्यासमोर जे होते तेच फिल्मवर उमटले होते. पण कॅमेऱ्यासमोर काय होते, हे फिल्म सांगत नाही. 'छायाचित्र अस्सल आहे' आणि 'छायाचित्रातली वस्तू अस्सल आहे' या दोन वाक्यांमध्ये मोठी दरी आहे. ती दरी तज्ज्ञांच्या अहवालाने नव्हे, तर वाचणाऱ्यांच्या इच्छेने भरून काढली. बेल्जियममधल्याच काही चिकित्सकांनी नव्वदच्या दशकात तसेच छायाचित्र घरच्या घरी तयार करून दाखवले होते. पण त्यांच्याकडे लक्ष कोण देणार? इतक्या साक्षींना अखेर मिळालेला एकुलता एक आधार हातचा सोडायला कोणी तयार नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छायाचित्र बनावट निघाले म्हणून ऑयपनच्या पोलिसांना काहीच दिसले नाही, असे ठरत नाही. त्यांना जे दिसले त्याचा विचार वेगळा करावा लागेल. एका लबाडीने शंभर प्रामाणिक माणसे लबाड होत नाहीत, तशीच शंभर प्रामाणिक माणसांमुळे एक लबाडी खरी होत नाही.

शंकेखोरांची घाई

इथवर वाचून कोणाला वाटेल की चूक नेहमी विश्वास ठेवणाऱ्यांचीच होते. तसे नाही. जे. अॅलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ 1948 पासून अमेरिकन हवाई दलाचे सल्लागार होते. लोक पाहतात त्या वस्तू शुक्र, उल्का, फुगे किंवा विमाने असतात, हे दाखवून देणे हेच त्यांचे काम आणि ते त्यात वाकबगार होते. मार्च 1966 मध्ये मिशिगन राज्यात बऱ्याच लोकांना रात्री विचित्र दिवे दिसले. हायनेक यांना तपासाला जेमतेम काही दिवस मिळाले आणि खच्चून भरलेल्या पत्रकार परिषदेत, हा दलदलीतून निघणारा वायू असू शकेल, असे ते बोलून गेले. दुसऱ्या दिवशी देशभर त्यांची टिंगल झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आणि तेव्हा संसदेत मिशिगनचे प्रतिनिधी असलेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. आपल्या मतदारांना वेड्यात काढले जात आहे, ही भावना त्यामागे होती.

पुराव्याआधी उत्तर तयार ठेवणे हा शंकेखोराच्या भुवईवरचा केस. हायनेक यांना तो पुढे स्वतःलाच जाणवला. हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पात 1969 पर्यंत 12,618 नोंदी झाल्या, त्यांपैकी 701 नोंदींचा उलगडा झाला नव्हता. प्रकल्प बंद झाला, पण हायनेक यांनी 1973 मध्ये स्वतःचे अभ्यासकेंद्र काढले. ते भाबडे झाले असे त्यांचे टीकाकार म्हणतात. ती टीका काही अंशी खरीही असेल. पण न सुटलेली गोष्ट न सुटलेली म्हणूनच मांडावी, हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. चूक होते ती पुढच्या पायरीवर. 'ओळखता आले नाही' याचा अर्थ 'परग्रहावरून आले' असा लावला जातो. अज्ञान हे आपले असते. त्याला दुसऱ्या ग्रहाचा पत्ता देण्याचे कारण नाही.

पडद्यावरचेच आकडे

नव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या चित्रफिती अमेरिकन नौदलाच्या विमानांनी टिपलेल्या आहेत. 2017 च्या डिसेंबरात त्यांपैकी दोन वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाल्या, तिसरी 2018 मध्ये आली आणि एप्रिल 2020 मध्ये संरक्षण खात्याने तिन्ही अधिकृतपणे खुल्या केल्या. आता इथे शेतकऱ्याचा साधा कॅमेरा नव्हता आणि थर्माकोलही नव्हता. लढाऊ विमानाचे उष्णतेवर चालणारे यंत्र आणि प्रशिक्षित वैमानिक होते. 'गोफास्ट' नावाने ओळखली जाणारी 2015 ची चित्रफीत पाहताना कोणाचाही श्वास रोखला जातो. समुद्राच्या पृष्ठभागालगत एक पांढरा ठिपका विलक्षण वेगाने धावतो आहे आणि वैमानिक हर्षाने ओरडत आहेत.

पण त्याच पडद्यावर कोपऱ्यांत काही आकडे आहेत. विमानाची उंची 25,000 फूट आहे. यंत्र किती अंशांनी खाली पाहते आहे आणि वस्तूचे अंतर किती आहे, तेही दिलेले आहे. शाळेतल्या त्रिकोणमितीने हिशेब करता येतो. 'नासा'ने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर 2023 च्या अहवालात तो हिशेब मांडला. वस्तू समुद्रालगत नव्हती, सुमारे 13,000 फुटांवर होती. तिचा सरासरी वेग ताशी सुमारे 40 मैल होता, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याचा असतो तितकाच. मग ती धावताना का दिसते? रेल्वेच्या खिडकीतून पाहताना जवळचा खांब दूरच्या डोंगरापुढून सपाट्याने मागे पळतो, त्याच कारणाने. पळत असते ती आपली गाडी. इथे वेग होता तो विमानाचा. ठिपका जवळजवळ वाऱ्यावर तरंगत होता.

उत्तर चित्रफितीतच होते. लाखो लोकांनी ठिपका पाहिला, आकडे थोड्यांनीच वाचले. त्यांनी वैमानिकांना मूर्ख म्हटले नाही की सरकारला कटवाले म्हटले नाही. त्यांनी फक्त केस बाजूला सारला.

म्हणून सगळी प्रकरणे सुटली असे मात्र नाही. अमेरिकन गुप्तचर खात्याच्या जून 2021 च्या अहवालात 144 नोंदी होत्या आणि खात्रीने उलगडा झाला होता तो फक्त एकीचा. तो हवा गेलेला मोठा फुगा होता. मार्च 2024 मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने, जुन्या नोंदींत परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा मिळाला नाही, असे जाहीर केले. नासाच्या गटाचे म्हणणे दोन्ही पक्षांनी ऐकण्यासारखे आहे. खरी अडचण पुराव्याच्या दर्जाची आहे. यंत्राची अचूकता ठाऊक नाही, एकाच वस्तूची अनेक दिशांनी मोजणी नाही, सोबतचा तपशील नाही. अशा सामग्रीतून 'हो' काढता येत नाही, तसा प्रत्येक वेळी 'नाही'ही काढता येत नाही.

बसऱ्याचाच दुसरा माणूस

ज्या बसऱ्यात भुवईची गोष्ट घडली, त्याच शहरात सुमारे 965 साली इब्न अल-हैसम जन्मले. पुढे कैरोत त्यांनी 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. त्याचा तिसरा भाग नजरेच्या चुकांवर आहे. डोळ्याला वस्तूचा आकार थेट कळत नसतो. वस्तूने व्यापलेला कोन आणि तिचे अंतर यांचा मेळ घालून मन तो ठरवते. अंतर फार असेल किंवा कळत नसेल, तर मनाचा अंदाज फसतो, हे त्यांनी सविस्तर मांडले. मॅकमिनव्हिलची तबकडी, पेती-रेशेंचा त्रिकोण आणि समुद्रावरचा ठिपका, तिन्ही ठिकाणी नेमकी हीच अडचण आहे. मोकळ्या आकाशात अंतर मोजायला झाड नसते की घर नसते. हातभर अंतरावरचे थर्माकोल आणि मैलभर दूरचे यान कॅमेऱ्याला सारखेच दिसते.

याच इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीच्या सिद्धांतांवर शंका घेणारा ग्रंथ लिहिला. सत्य शोधणाऱ्याने थोरामोठ्यांच्या लेखनावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, त्याची सर्व बाजूंनी तपासणी करावी, आणि हे करताना स्वतःवरही शंका घ्यावी, असे ते त्यात सांगतात. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. दुसऱ्यावर शंका घेणे सोपे असते आणि त्यात एक प्रकारची मौजही असते. पण हे मला खरे का वाटावेसे वाटते, किंवा हे खोटेच निघावे असे मला का वाटते, हा प्रश्न स्वतःला विचारणारा विरळा.

आज हा प्रश्न केवळ तबकड्यांपुरता राहिलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि काहीही न टिपता हुबेहूब चित्र किंवा चित्रफीत तयार करून देणारी साधनेही आता सहज मिळतात. थर्माकोल कापण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. मोबाइलवर आलेली एक चित्रफीत पाहून माणसे पेटून उठतात, आणि ती कुठली, कोणी आणि केव्हा घेतली, हे विचारायला कोणी थांबत नाही. तबकडीच्या बाबतीत फसलो तर फार तर हसे होते. माणसांच्या बाबतीत फसलो तर घरे जळतात. म्हणून मूळ प्रत कुठे आहे, कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली, चित्राच्या कडेला काय दिसते आणि जे दिसते त्याचे आणखी कोणते कारण असू शकेल, हे प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

हजरत अनस यांच्या त्या संध्याकाळी दोघांचा थोरपणा दिसून आला. इयास यांनी अदब न सोडता तपासणी केली. आणि केस दूर झाल्यावर चाँद दिसत नाही, हे हजरत अनस यांनी सर्वांसमक्ष मान्य केले. शंभरीला टेकलेल्या त्या बुजुर्गांना आपला शब्द मागे घेताना कमीपणा वाटला नाही.